उपवासाचा चहा

मित्रांनो, मी नीलिमाताईंचे चहाचे पातेले. अंगावर चार पोचे आहेत, बूड काळे पडले आहे, पण तोरा अजून तसाच आहे. नागपूरहून नीलिमाताईंच्या सामानातून मी कॅनडात, किचनरला आले. इथल्या थंडीत माझ्या चहाचे किती कौतुक झाले म्हणून सांगू!

मग ते आले. कॉफीचे पितळी भांडे, लांब दांड्याचे, चकचकीत.

ते नबीलचे होते. नबील मूळचा गाझाचा पॅलेस्टिनी, तामार हैफाची इस्रायली. पुढारी बोलत नाहीत तर निदान आपण बोलू, म्हणून नीलिमाताईंच्या ओळखीचे हे दोघे दर महिन्याला आमच्या घरी भेटत आणि लायब्ररीत, शाळांत जोडीने बोलायला जात. नबीलने ते भांडे आमच्याच ओट्यावर ठेवून दिले होते. दोघांनाही त्यातलीच कॉफी लागे. माझ्या चहाचे तामार नावापुरते दोन घोट घेई. माझा नुसता जळफळाट होई.

२०१८ च्या मे महिन्यात गाझाच्या सीमेवर निदर्शकांवर इस्रायली सैन्याने गोळीबार केला, खूप माणसे गेली. नबीलचा भाचा जखमी झाला. तामारचा पुतण्या तेव्हा त्याच सैन्यात होता. त्या रविवारी सहा वाजता नबील आला तो बसलाच नाही.

"मी यापुढे येणार नाही," तो म्हणाला. "माझं भांडं घेऊन जातो."

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला.

तामार माझ्या चहाचा कप पुढे घेऊन बसली होती. नबील दारात बूट घालू लागला. चहा न घेता कुणी आमच्या घरून गेलेले नीलिमाताईंना खपत नाही. रमजान आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली होती. त्यांनी घाईघाईने मला गॅसवरून उतरवले.

"नबील, निदान चहा तरी घ्या! उपवासाला चालतो!"

त्यांची लेक ऊर्मी ओरडली, "आई, no! They can't even drink water!"

नीलिमाताई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तामारला एकदम हसू फुटले. "आम्हा ज्यूंच्याही योम किप्पूरच्या उपवासाला पाणी चालत नाही. नीलिमा, तुमचा उपवास म्हणजे मेजवानीच की!"

नबीलही हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तामारने आपल्यापुढचा कप दूर सारला. "सूर्य किती वाजता मावळतो? तोवर मीही काही घेणार नाही. तुझ्या भाच्याबद्दल सांग."

नबीलने बूट काढले.

पावणेतीन तास ते बोलले. दोनदा आवाज चढले. पटले काहीच नाही, पण उठले कुणी नाही. सूर्य मावळल्यावर नबील पाणी प्यायला, त्याने दोन ताटल्या खिचडी खाल्ली. खिचडीचीसुद्धा वाहवा झाली! मग तामारने त्या पितळी भांड्यात कॉफी केली. ते भांडे पुन्हा ओट्यावरच राहिले. माझ्या चहावर जाड साय धरली होती. तो सगळा सिंकमध्ये गेला.

मित्रांनो, मला आजही त्या भांड्याचा हेवा वाटतो. तरी एक मागणे आहे. तुमच्या घरातून कुणी रागावून निघाले, तर त्याला जाऊ देऊ नका. त्यासाठी माझा चहा खुशाल ओतून द्या.