पांढरी पाचमधला ओंकार

फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या हॉलबाहेर त्या रविवारी चप्पल काढायला जागा उरली नव्हती. जिथे कीर्तनाला पंचवीस डोकी जमायची मारामार, तिथे तीनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सगळे डोळे एका पितळी चक्रावर खिळले होते. चक्र एका लाकडी खोक्यावर बसवलेलं, पुढे तांब्याची पाटी. पाटीवर हात ठेवा, नाही तर वस्तू ठेवा. चक्र आपोआप फिरायचं. उजवीकडे फिरलं तर ऊर्जा पॉझिटिव्ह, डावीकडे फिरलं तर निगेटिव्ह! वर खोक्यातून अखंड ओंकार.

"बिल्कुल ओरिजिनल नाद आहे, रेकॉर्डिंग नाही," स्वामी ऊर्जानंद मांडी घालून सांगत होते. "हिमालयात बारा वर्षं मी चक्राला शिकवलं, मग बारा वर्षं चक्रानं मला!"

"मग दोघंही नापास झालेले दिसतात," शेवटच्या रांगेतून बळवंत पुटपुटले.

बळवंत सरकारी प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. कीर्तन म्हटलं की जीव टाकायचे. बुवांच्या मागे हार्मोनियमची साथ त्यांचीच. स्वामींपायी आजचं कीर्तन रद्द झालं याचा राग होताच, पण तो त्यांनी गिळला असता. गिळता येत नव्हती ती शेजारच्या सरलावहिनींची गोष्ट. गेल्या गुरुवारी स्वामींच्या बैठकीत वहिनींनी आपलं इन्सुलिन पाटीवर ठेवलं आणि चक्र गर्रकन डावीकडे फिरलं. "सुईत निगेटिव्ह एनर्जी आहे, माई. बंद करा. हा अंगारा घ्या." तीन दिवस इन्सुलिन फ्रिजमध्ये पडून होतं आणि आज सकाळी साखर तीनशे ऐंशी! चिडून, समजावून, हात जोडून झालं, वहिनी हटेनात.

"भाऊजी, तुम्ही एवढे देवभक्त, आणि साक्षात ओंकार ऐकू येत नाही तुम्हाला?"

ऐकू येत होता ना! तीच तर पंचाईत. बळवंतांच्या कानाला तो हार्मोनियमच्या पांढरी पाच या सुरावर लागत होता, फक्त जरासा चढा. देवाचा आवाज चढा का लागावा? आणि एकदम त्यांना ओळख पटली. हा आवाज त्यांनी स्वतःच्या हातानं घडवला होता!

चार महिन्यांपूर्वी साकेत नावाचा एक गोड बोलणारा गृहस्थ दारात आला होता. "काका, प्रोजेक्टसाठी पॉवर सप्लाय हवा, प्लस बारा आणि मायनस बारा व्होल्ट." बळवंतांनी हौसेनं दिल्लीला जाऊन लाजपतराय मार्केटमधून ट्रान्सफॉर्मर आणला, दोन दिवस तारांना सोल्डरचे डाग देत बसले आणि सगळं एका लाकडी खोक्यात बसवून दिलं. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी पट्ट्या थोड्या सैल राहिल्या, म्हणून तो गुणगुणायचा. तोच साकेत आता भगवी शाल पांघरून स्वामींना वारा घालत होता.

बळवंत उठले. बरोबर घरून आणलेले दोन बंद डबे त्यांनी पुढे केले. "स्वामीजी, वहिनींच्या घरचे हे दोन डबे. चक्राला विचारा, कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा?"

स्वामींनी डब्यांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि डोळे मिटले. पहिल्या डब्याला चक्र उजवीकडे फिरलं. दुसऱ्याला डावीकडे.

"दुसरा तात्काळ फेका! घोर निगेटिव्ह!"

बळवंतांनी दोन्ही झाकणं उघडली. दोन्हींत अंगारा होता. स्वामींचाच, एकाच पुडीतला.

हॉलमध्ये खसखस पिकली. वहिनींच्या कपाळावर आठी पडली. "चक्र आज थकलंय," स्वामी म्हणाले. बळवंतांनी भिंतीतला प्लग ओढला. चक्र थांबलं, ओंकारही थांबला.

"अरे यार, भगवानको भी बिजली लगती है?" मागून कुणीतरी ओरडलं.

बळवंतांनी खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं खोकं उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरात लिहिलं होतं: श्री.

"पाहा!" स्वामी टुणकन उठले. "स्वयंभू अक्षर! प्रकट झालंय!"

"प्रकट नाही, मार्करनं लिहिलंय," बळवंत म्हणाले. "कामाला हात लावण्याआधी मी श्री लिहितो. खाली तारीखही आहे, वाचा."

साकेत शाल सोडून दाराकडे सरकला. बळवंतांनी तारा उचलून दाखवल्या. "ही प्लस बारा, ही मायनस बारा, मधली शून्य. वर ही छोटी मोटर. तिला प्लस दिलं की चक्र उजवीकडे, मायनस दिलं की डावीकडे. काय द्यायचं ते ठरवणारं बटण बघा कुठे आहे!" त्यांनी स्वामींचं आसन उचललं. गुडघ्याच्या जागी, गादीखाली, दोन बटणं होती. "आणि ओंकार म्हणजे माझ्या सैल राहिलेल्या पट्ट्या. ती चूक माझी. कुणाला काय बनवून देतोय हे विचारलं नाही, तीही माझीच."

सरलावहिनी उठल्या. "चला भाऊजी, आधी डॉक्टरांना फोन लावा. मग सुई. मग तुमचं भाषण."

पण लोक बळवंतांना सोडेनात. तेव्हा फोन कानाला लावता लावताच ते म्हणाले, "मी रोज पूजा करतो, कीर्तनात माझे डोळे भरतात. देवाजवळ बळ मागा, पण औषधाचं डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी झाकण उघडायला सांगा. खरा असेल तो रागावणार नाही."