बिनपरवाना पट्टा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर रेडिओच्या लहरी वाटल्या. कुठल्या पोलिसांना, कुठल्या विमानांना, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीत ते बेंगळुरूहून दिल्लीला जायचे. साध्या वॉकीटॉकीसाठी एक छोटा पट्टा मोकळा ठेवलाय, त्याला परवाना लागत नाही. पण परवाना नाही तर तक्रारही नाही. दुसरा कुणी मध्ये बोलला तर मुकाट ऐकायचं. हे कलम आपण लिहिलं, असं अप्पा जेवताना दहादा सांगायचे आणि मी पोळ्या लाटत ऐकायची.

मग अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, तोरा तेवढा शाबूत. ईशान, माझा नवरा, दिवसभर ऑफिसात, म्हणजे सगळं हगणंमुतणं माझ्या गळ्यात. मोबाइल अप्पांना झेपेना, आणि घंटी वाजवली की माझं डोकं फिरायचं. शेवटी वॉकीटॉकीची जोडी आणली. एक त्यांच्या उशाशी, एक माझ्याकडे वरच्या मजल्यावर. माझ्याकडचा आवाज पार बारीक करता येतो, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

एका दुपारी बेल वाजली. दारात महांतेश, शेजारच्या बांधकामावरचा वॉचमन, निपाणीकडचा. त्याच्या हातात तसाच सेट, चॅनेलही तोच. समोरच्या सत्यवतीबाई भाजी घेत उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "अक्का, अज्जा सकाळपासून पाणी मागायलेत. स्वल्प बघा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन पाण्याचा पेला आदळला, तेव्हा अप्पांच्याच तोंडून कळलं की पंधरा दिवस दोघांच्या गप्पा चालल्यात. अप्पा त्याला समितीच्या गोष्टी सांगत, तो मुकादमाच्या. आणि रोज दुपारी अप्पा त्याला विचारत, जेवलास का? सहा वर्षं मी या घरात राबतेय. मला एकदा तरी विचारलं असतं.

मी दोन्ही सेटचा चॅनेल बदलला आणि त्यांना तो परत फिरवता येऊ नये म्हणून त्यांच्या सेटला लॉक लावलं. ते उघडायला दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागतात. अप्पांना यंत्र कळतं, त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"मला त्याच्याशी बोलू दे, ऋचा," ते कसंबसं म्हणाले. "दिवसभर दुसरं कोण आहे मला?"

"या पट्ट्यात तक्रार चालत नाही अप्पा. तुम्हीच लिहिलंय ना?"

ते रडले. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण चॅनेल मी परत लावला नाही.

चार दिवसांनी महांतेश पुन्हा आला. अज्जा बोलत नाहीत, बरे आहेत ना, असं विचारत होता. मी सांगितलं, पुण्याला लेकीकडे गेले, आता तिकडेच राहणार. नेमकं तेव्हाच आतून अप्पांचा आवाज आला. सवयीनं सेट तोंडाशी धरून ते महांतेशलाच हाक मारत होते, जड जिभेनं, तुटक तुटक. त्यानं मान वाकडी करून आत पाहिलं.

"टीव्ही आहे," मी म्हटलं.

"सरी अक्का," तो म्हणाला आणि गेला.

दार उघडंच होतं, खोली दोन पावलांवर. अप्पांनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी सेटचं बोलायचं बटण दाबलेलं नाही, पाण्यासाठीसुद्धा नाही.