पेटीला जागा मिळाली

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या कडांना गंज चढला आहे, कडी सैल झाली आहे आणि झाकणावरच्या गुलाबाचा आता नुसता तांबडा डाग उरला आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. तिच्यात गोधड्या असतील, नाहीतर लग्नातली भांडी. माझ्यात मात्र एका मुलीचे होते नव्हते ते सगळे होते. तिचे नाव रंजिता.

महाडच्या बाजारात दत्ताराम नावाच्या कारागिराने मला घडवले. निळा रंग दिला, गुलाब काढला आणि दुकानाच्या फळीवर मांडून ठेवले. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. एका सकाळी खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारबा आले. त्यांचे नाव आबाजी. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावरच्या वाडीत ते शेरडे राखायचे. त्यांचा हात धरून सात-आठ वर्षांची नात उभी होती. त्या पावसाळ्यात डोंगराची दरड तिच्या घरावर आली होती. आई-बाप त्यात गेले. ती आजोबांबरोबर शेरडांमागे होती म्हणून वाचली.

आबाजींची नजर अधू झाली होती. पोरीला सांभाळणे त्यांना झेपेना. म्हणून ते तिला महाडच्या एका बालगृहात ठेवायला आले होते.

"ही तुझी हाय गो," ते मला दाखवून म्हणाले. "हिच्यात दुसऱ्या कुनाला हात घालू द्यायचा नाय."

 वाटेत रंजिताने एक हात माझ्या कडीवर ठेवला होता, तो फाटकापर्यंत काढला नाही.

बालगृहात भिंतीकडेला आम्हा पेट्यांची रांग होती. माझ्या शेजारची पेटी रेश्माची. रेश्माचा एक पाय लहानपणीच्या पोलिओने लुळा झाला होता. ती भिंतीला धरून चालायची. दोघींची गट्टी जमली, ती जमलीच. रंजिता तिची पाण्याची बादली आणायची आणि रेश्मा हिचे फाटके कपडे शिवून द्यायची. माझ्या कडीला खोबरेल लावून रंजिता मला पुसायची, तेव्हा इतर मुली म्हणायच्या, "हिची पेटी बघा कशी नवी दिसते." मला तेव्हा फार बरे वाटायचे.

आबाजी अधूनमधून यायचे. फडक्यात बांधलेली करवंदे आणायचे. मग एका वर्षी ते आलेच नाहीत. पुढे वाडीतल्या चुलत्याचा निरोप आला, की म्हातारा गेला. रंजिता तो दिवसभर माझ्यावर बसून राहिली. स्वयंपाकीण राहीबाई तिथे ताट घेऊन आल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. जेव म्हणून त्यांनी एकदाही सांगितले नाही. नुसत्या बसून राहिल्या.

दिवस सरले. दोघी अठराच्या झाल्या. बालगृहाचा नियम असा, की अठरा पूर्ण झाली की जागा सोडायची. ज्यांना कुणीच नाही, त्यांना आणखी काही वर्षे ठेवून घेणारे, शिवणकाम वगैरे शिकवणारे एक अनुरक्षणगृह दूरच्या शहरात होते. तिथे त्या वर्षी एकच जागा मिळाली. रंजिता वयाने मोठी, म्हणून जागा तिची.

अधीक्षकबाई हे सांगायला खोलीत आल्या, तेव्हा रेश्मा मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. तो ओवला जाईना.

"बाई, रेश्माला पाठवा," रंजिता म्हणाली. "मला गावाला चुलता हाय."

"तो तुला कधी भेटायला आला होता का?" बाईंनी विचारले.

"आता मीच जाते ना भेटायला."

 "मला दोन जागा मिळाल्या असत्या तर बरे झाले असते," एवढेच बोलून बाई गेल्या.

रेश्मा त्या रात्री खूप रडली. नको म्हणाली. पण रंजिताने ऐकले नाही. "मी दगड उचलीन, भांडी घाशीन. तुला कोन काम देनार हाय?" ती म्हणाली. बोलणे कठोर होते, पण खरे होते.

चुलत्याच्या वाडीला रस्ता नव्हता. रंजिताने मला डोक्यावर घेऊन चढ चढला. आजोबांच्या झोपडीत आता शेळ्या बांधल्या होत्या. चुलती चंद्राबाई दारातच उभी राहिली. ती दुष्ट नव्हती. तिच्या घरात आधीच सहा माणसे होती.

"पेटी ठेव हवी तर," ती म्हणाली. "पन तू वयात आलेली. ऱ्हायलीस तर लगीन लावावं लागंल. वरल्या वाडीतला एक हाय. बायको गेलीय त्याची, तीन पोरं हायेत."

तिसऱ्या दिवशी रंजिता मला घेऊन पुन्हा उतार उतरली.

महाडला ती राहीबाईंकडे आली. राहीबाईंची एक खोली. त्यात त्या, मुलगा, सून आणि सुनेचे तान्हे बाळ. सून बाळाला घेऊन कोपऱ्यात सरकली. रंजिताला तेवढ्यात सगळे समजले.

"मावशी, पेटी तेवढी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझी सोय हाय. घाटाखाली हाटेलात काम मिळालंय."

मला फळीवर जागा मिळाली, मित्रांनो. जिथे आम्ही दोघी गेलो तिथे मला जागा मिळाली. तिला नाही.

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, ट्रक थांबतात तिथे ते हॉटेल होते. रंजिता भांडी घासायची आणि मागच्या शेडमध्ये झोपायची. महिन्या-दोन महिन्यांनी ती कपडे बदलायला माझ्याकडे यायची. झाकण उघडायची, घडी केलेले कपडे बाहेर काढायची आणि तशाच घड्या घालून पुन्हा ठेवायची. प्रत्येक वेळी तिचे मनगट मला अधिक बारीक दिसायचे. पुढे तिला खोकला लागला. राहीबाईंनी विचारले, तर म्हणाली, "चुलीचा धूर हाय, मावशी." नंतर ती येईनाशी झाली.

माझ्यावर धूळ साचली. सावित्री नदीचे पाणी एका पावसाळ्यात खोलीत शिरले, तेव्हा माझा तळ गंजला. राहीबाईंनी कपडे वाळवून परत माझ्यात ठेवले.

तीन वर्षांनी रेश्मा आली. ती शिवणकाम शिकून महाडला एका शिंप्याकडे कामाला लागली होती. खोलीही घेतली होती. आल्या आल्या तिने विचारले, "रंजी कुठं आहे?"

घाटाखालच्या हॉटेलात होती, आता येत नाही, एवढेच राहीबाईंना सांगता आले. त्यांनी फळीवरून मला खाली काढले. रेश्माने झाकण उघडले, वरचा परकर हातात घेतला. तो तिनेच कधीतरी शिवला होता. दुसऱ्या सकाळी ती काठी टेकत एसटीत बसली.

पुढचे मी तिच्याच तोंडून ऐकले. हॉटेलवाला म्हणाला, ती खोकायची, गिऱ्हाइकं नाराज व्हायची, म्हणून काढून टाकली. रेश्मा प्रत्येक थांब्यावर विचारत फिरली. शेवटी पोलादपूरच्या स्टँडवर एका चहावालीने मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. रंजिता तिथे गोणपाटावर बसली होती. रात्री तिथेच झोपायची, दिवसा चहावालीचे कप विसळायची.

"तू कशाला आलीस गो?" तिने विचारले.

"तुझी जागा घेऊन बसले होते," रेश्मा म्हणाली. "ती द्यायला आले."

सरकारी दवाखान्यात क्षयाचे निदान झाले. औषधे महिनोन् महिने चालली. राहीबाई डबा घेऊन यायच्या. रंजिता जगली. तिची फुप्फुसे मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. आता तिला चढ चढवत नाही. वाडीची वाट तिला कायमची बंद झाली.

ती रेश्माच्या खोलीत राहते आणि मीही. भिंतीला रेश्माने दोन खुंट्या ठोकल्या आहेत. एकीवर तिचे कपडे असतात.

"तुझे लाव की इथं," रेश्मा अधूनमधून म्हणते.

"पेटीतच बरे हायेत," रंजिता म्हणते. ती रोज कपडे धुते, वाळवते, घडी घालते आणि माझ्यात भरून कडी लावते. चपलासुद्धा दाराकडे तोंड करून काढते. कुणी ऊठ म्हणाले, तर लगेच उठता यावे म्हणून.

मित्रांनो, तुमच्या गावात बालगृह असेल. तिथून दर वर्षी काही मुले-मुली पेटी उचलून बाहेर पडत असतील. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून माणूस एका दिवसात मोठा होत नाही. त्यांना काम द्या, शिकवा, आजारपणात विचारा. आणि राहायला जागा द्याल तर लवकर द्या. उशिरा मिळालेल्या जागेत माणूस राहतो, पण त्याचे सामान बांधलेलेच असते.