डील काकांनी न घेतलेली सवलत

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींना पूर्ण किंमत देऊन काही विकत आणायची चोरी होती, कारण रवी टिपणीसला ते कळलं की तो हळहळायचा. स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा हळहळायचा. "अरे, गुरुवारपर्यंत थांबला असतास तर त्याच गादीवर दोन उशा फुकट होत्या," असं म्हणून तो समोरच्याच्या नव्या गादीवरची झोप उडवून टाकायचा.

गाड्यांच्या कंपनीत स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर डिझाइन करण्यात त्याची उभी हयात गेली, पण तिथल्या मराठी मंडळातली पोरं त्याला ओळखायची ती डील काका म्हणून. कुठे कोणत्या दिवशी पॅनकेक फुकट, वाढदिवसाला आइस्क्रीम कोण देतं, दुसरा पिझ्झा अर्ध्या किमतीत कुठे, हे सगळं सकाळच्या चहाआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेलं असायचं. पैशाची ददात होती म्हणून नव्हे, त्याला त्या शिकारीचीच हौस होती. त्याची बायको सुनेत्रा म्हणायची, हा माणूस स्वर्गाच्या दारातही आधी विचारेल, आज काही ऑफर आहे का.

नोव्हेंबरात व्हेटरन्स डे आला की तो एक खास यादी टाकायचा. सैन्यात असलेल्यांना, पूर्वी असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या दिवशी कुठे जेवण फुकट, कुठे डोनट, कुठे गाडी धुऊन मिळते आणि पुढे नाताळापर्यंत कुठले कुठले कार्यक्रम. खाली नेहमीची ओळ: 'ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी.' ग्रुपवर सगळे आयटीतले, नाहीतर गाड्यांच्या कंपन्यांतले, शिवाय दोन दातांचे डॉक्टर. यंदा वेदांतने लिहिलंच, 'काका, आपल्यात सोल्जर कोण आहे यार?' नागपूरहून येऊन त्याला चारच वर्षं झाली होती आणि त्याचं तोंड जरा सैल होतं. रवीने उत्तरादाखल एक हसरा चेहरा टाकला. सुनेत्राने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. ती यादी लागू होईल असं घर त्या अख्ख्या ग्रुपवर एकच होतं, आणि ते तिचं होतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, नैनाने, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं आणि ती सैन्यात भरती झाली. रवी आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसला नाही, ताट घेऊन गराजमध्ये जायचा. तिला निरोप द्यायला मात्र गेला, सामान उचललं, आणि परतीच्या वाटेवर चुकीच्या एक्झिटला उतरला. त्यानंतरच्या गणपतीत मंडळाच्या अध्यक्ष मृणालिनीताईंनी विचारलं, "नैना कुठे असते हल्ली?" तेव्हा तो म्हणाला, "टेक्सासला. लॉजिस्टिक्समध्ये."

यात खोटं काहीच नव्हतं. नैनाचा तळ टेक्सासमध्येच होता आणि सैन्याची रसद वेळेवर पोचवणं हेच तिचं काम होतं. पण लोकांनी आपापल्या परीने त्यात एक मोठी ऑनलाइन कंपनी घातली, वर चांगला पगार घातला, आणि रवीने ते कधी खोडलं नाही. मध्यंतरी वेदांतने नोकरीसाठी तिच्याकडे रेफरलसुद्धा मागितला. रवी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सध्या तिकडे हायरिंग फ्रीझ आहे."

सुनेत्रा तेव्हा हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात नैनाची तुकडी परदेशी गेली. नेमकी कुठे, हे ती फोनवर सांगत नसे. तिकडे तापतं फार आणि वाळू दातांत येते, एवढंच सांगायची. मंडळाच्या हळदीकुंकवात बायका आपापल्या मुलींचं कौतुक सांगायच्या. कादंबरी वकील झाली, अनयाने घर घेतलं. सुनेत्रा ऐकून घ्यायची आणि वाण हातात घेऊन घरी यायची. आपली पोर सगळ्यांत लांब, सगळ्यांत अवघड जागी उभी आहे आणि तिचं नाव आपल्याच माणसांत काढायचं नाही, हे तिला बुटात गेलेल्या खड्यासारखं टोचत राहायचं. रवीशी भांडून पाहिलं. तो वाद घालायचा नाही, फक्त म्हणायचा, "सांगू. घाई काय आहे?"

नोव्हेंबरच्या शेवटी नैनाने एक निमंत्रण पाठवलं. ट्रॉयजवळच्याच एका हॉलमध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी नाताळचं जेवण होतं. जे सैनिक तेव्हा परदेशात असतील त्यांची नावं वाचायची, आणि घरच्यांनी पुढे येऊन, वाट पाहत असल्याची खूण म्हणून, नाताळच्या झाडाला पिवळी फीत बांधायची. "यू गाइज शुड गो, आई," ती फोनवर म्हणाली. "इट्स टोटली फ्री. बाबा विल लव्ह इट."

सुनेत्राने रवीला न विचारता नैनाचं नाव कळवून टाकलं. बहुतेक एकटीच जाऊन येईन, असं तिच्या मनात होतं. पण पुढच्याच आठवड्यात मृणालिनीताईंनी जाहीर केलं, की यंदा आपलं मंडळ त्याच जेवणात सेवा देणार आहे. टर्की आणि बटाटे हॉलवाल्यांचे, मसालेभात, बटाटेवडे आणि शिरा आपला. सगळ्यात आधी हात वर केला तो रवीने. वडे मीच वाढणार, म्हणाला.

नाव मागे घेता आलं असतं. एक फोन करायचा होता. सुनेत्राने तो केला नाही आणि रवीला काही सांगितलंही नाही. नाव वाचलं जाईल तेव्हा आपण काय करणार, हे मात्र तिला शनिवारी दुपारी हॉलमध्ये शिरतानाही ठाऊक नव्हतं.

बाहेर बर्फ घाण होऊन रस्त्याच्या कडेला पडलं होतं, आत उबदार होतं. लांबलचक टेबलांवर कागदाचे लाल रुमाल, कोपऱ्यात मोठं झाड. आजोबा जुन्या युद्धांच्या टोप्या घालून आले होते. तरुण बायका मांडीवर बाळं घेऊन बसल्या होत्या. मंडळाचे लोक एप्रन बांधून काउंटरमागे उभे राहिले. सुनेत्राकडे मसालेभात, शेजारी रवीकडे वडे, पलीकडे वेदांतकडे शिरा.

वेदांतने सगळ्यांची पाठ फिरली असं पाहून एक वडा उचलला. रवीने चिमटा त्याच्या बोटांवर आपटला. "ठेव खाली. हे फॅमिलीजसाठी आहे. तुला लागू नाही."

"काका, एक वडा यार."

"एकसुद्धा नाही. व्हॉलंटियर्स शेवटी."

रांग लागली आणि रवी अगदी खुलला. कोणी एक वडा मागितला की दोन वाढायचा. टोपीवाल्या आजोबांना त्याने हिरवी चटणी आधी थोडीच घ्यायला सांगितली, आणि आजोबा दुसऱ्यांदा चटणीलाच आले. एक लहान मुलगी आईला बिलगून उभी होती. तिचा बाबा बोटीवर आहे, असं तिची आई म्हणाली. रवीने त्या मुलीच्या ताटलीत सगळ्यात गोल वडा शोधून ठेवला, आणि ती गेल्यावर उगाचच चिमटा पुसत राहिला. सुनेत्राने ते पाहिलं. तिला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, दोन्ही एकदमच.

मग माइक हातात घेऊन एक उंच बाई झाडाजवळ उभी राहिली. सगळे शांत झाले. तिने पहिलं नाव वाचलं, तसं एक जोडपं उठून पुढे गेलं. तिने पिवळी फीत दिली, त्यांनी ती फांदीला बांधली. दुसऱ्या नावाला ती लहान मुलगी आणि तिची आई उठल्या. टाळ्या कोणी वाजवत नव्हतं, त्यामुळे चालण्याचा आवाज ऐकू यायचा.

"स्पेशालिस्ट नैना टिपणीस," बाईने हुद्द्यासकट नाव वाचलं.

टेबलांवरून कोणीच उठलं नाही. लोक माना वळवून शोधू लागले. काउंटरमागे मृणालिनीताईंनी सुनेत्राकडे पाहिलं, मग रवीकडे. वेदांतचा हात शिऱ्याच्या चमच्यावर तसाच राहिला. रवी वड्यांच्या ट्रेकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"स्पेशालिस्ट टिपणीसचं कुटुंब आलंय का?" बाईने पुन्हा विचारलं. थोडी थांबली आणि हातातल्या कागदावरचं बोट खाली सरकवू लागली. आता ती पुढचं नाव वाचणार होती.

आपली पोर इतक्या लोकांसमोर बिनघरची ठरतेय, हे सुनेत्राला सहन झालं नाही. तिने भाताचा डाव ठेवला, आणि "हिअर," म्हणून हात वर केला. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ती काउंटरला वळसा घालून झाडाकडे चालत गेली. मागे वळून पाहिलं नाही. नवरा आला तर आला, नाही आला तर नाही, असं म्हणतच ती पोचली.

फीत हातात आली आणि गाठ काही केल्या बसेना. एकदा बांधली ती सुटली. दुसऱ्यांदा तिने फांदी धरली, तर बाजूने एक हात आला. बोटांना हिरवी चटणी लागलेली होती.

रवीने गाठ मारली. एकावर एक अशा दोन मारल्या. त्याच्या एप्रनकडे पाहून माइकवाली बाई हसली आणि तिने विचारलं, आपण कोण? रवीने तिच्या हातातला माइक घेतला आणि काउंटरकडे पाहिलं, जिथे अख्खं मंडळ उभं होतं.

"हर फादर," तो म्हणाला. मग एवढ्यावर भागणार नाही असं वाटून पुढे म्हणाला, "शी लेफ्ट इंजिनिअरिंग फॉर धिस. व्हेरी स्टबर्न गर्ल." हॉलमध्ये हसू पसरलं. टोपीवाल्या आजोबांनी टेबलावर थाप मारली. रवीला अजून काहीतरी बोलायचं होतं. पण त्याने माइक परत केला.

झाडापासून बाजूला झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मला तिची लाज कधीच नव्हती, सुनेत्रा."

"मग काय होतं?"

"लोकांत बोललो नाही तोवर ती टेक्सासलाच आहे, असं वाटायचं. बोललो की मग ती तिकडे आहे."

इतके दिवस सुनेत्रा ज्याला त्याचा ताठा समजत होती, ती भीती होती. तिलाही तीच होती. दोघांनी ती एकाच घरात वेगवेगळी सांभाळली होती. तिने त्याच्या एप्रनची मागची गाठ सोडली.

काउंटरपाशी आले तर सुनेत्राच्या जागी मृणालिनीताई डाव घेऊन उभ्या होत्या. "सांगायचंस ना गं," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले होते, पण सूर दटावणीचा होता. "आता बसा दोघं. आम्ही वाढतो."

"नको नको, आम्ही शेवटी," रवी सवयीने म्हणाला. "व्हॉलंटियर्स..."

वड्यांचा चिमटा आता वेदांतच्या हातात होता. त्याने एक ताटली घेतली, दोन वडे ठेवले, तिसरा ठेवला, चटणी घातली आणि ती रवीपुढे धरली.

"घ्या, काका," तो म्हणाला. "तुम्हाला लागू आहे."

फुकटचं आजवर कधी न सोडलेल्या त्या माणसाने आधी हात एप्रनला पुसले. मग त्याने ती ताटली दोन्ही हातांनी घेतली.