खांबावर बांधलेली पाटी बोलते

मित्रांनो, मी एक पाटी आहे. जुनी, पत्र्याची, एका कोपऱ्यात गंज चढलेली. पण माझी कीव करू नका. जुनी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की लोकांना वाटतं, झालं, आता ही रडणार. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो का आला, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

माझ्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'कुत्र्यापासून सावध!' त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे. ती फारसं कुणी वाचत नाही.

माझा जन्म बाजारामागच्या बोळात, एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. औषधांच्या दुकानाची मोठी पाटी कापताना जो तुकडा उरला, तो मी. रंगाऱ्याने मला कानशीने घासलं, पिवळ्या रंगाचे हात दिले आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवलं. तेव्हा एक गृहस्थ आले. ते दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या कोटाच्या आत एक पिल्लू झोपलं होतं. फक्त नाक बाहेर होतं. पिल्लाचं नाव सोन्या.

"चांगली भारदस्त पाटी करा," डॉक्टर म्हणाले. "लांबून वाचता आली पाहिजे."

रंगाऱ्याने पिल्लाकडे पाहिलं. "या एवढ्याशासाठी?"

"उद्या मोठा होईल ना. पाटी लावलेली असली की नंतर कुणाला बोलायला जागा राहत नाही."

रंगाऱ्याने मान हलवली आणि कामाला लागला. अक्षरं झाल्यावर खाली थोडी जागा उरली. काय लिहू, असं त्याने विचारलं. डॉक्टर तोवर पिल्लाचे लाड करण्यात दंग होते. "लिहा तुम्हीच काहीतरी," ते म्हणाले. मग रंगाऱ्याने आपल्या मनाने लिहिलं, 'फाटक उघडण्यापूर्वी बेल वाजवा.' डॉक्टर मला काखोटीला मारून घरी घेऊन गेले. मित्रांनो, लक्षात घ्या, सोन्यासाठी आधी पाटी आली. गळ्यातला पट्टा कितीतरी दिवसांनी आला.

डॉक्टरांचं घर एका शांत रस्त्यावर होतं. त्यांनी मला लोखंडी फाटकाच्या बाहेरच्या बाजूला स्क्रूने घट्ट बसवलं. ती वर्षं चांगली गेली, हे मी कबूल करते. शाळेत जाणारी मुलं मला बोट लावून वाचत. 'सावध'मधला 'ध' त्यांना अवघड जायचा. कुरिअरवाला मला पाहून थबकायचा आणि बेल दाबायचा. दूध टाकणारी बाई एकदा म्हणाली होती, "अक्षर काय झोकदार आहे हो!" माझ्यामुळे कुणीही न विचारता आत शिरलं नाही आणि सोन्यानेही अंगणात कुणाला इजा केली नाही. फाटकापुरतं काम मला दिलं होतं, ते मी चोख केलं.

पण सोन्या फाटकापुरता राहिला नाही. तो वाढला, भलामोठा झाला. छाती रुंद, मान जाड. डॉक्टर त्याला सकाळी फिरायला नेत. फाटकातून बाहेर पडले, की ते सोन्याच्या गळ्यातून पट्टा सोडवत आणि स्वतःच्या गळ्यात टाकत. अगदी मफलर टाकावा तसा. कुत्रा मोकळा आणि मालक पट्ट्यात! हसू नका. हे दृश्य तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल.

सोन्या सुसाट पळायचा. समोरून येणारी माणसं भिंतीला चिकटायची. आणि मागून डॉक्टरांचं ते वाक्य यायचं, "घाबरू नका, काही करत नाही तो!"

ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. सोन्याने सायकलवरच्या मुलीला पाडलं, तेव्हा तो काही करत नव्हता. समोरच्या आजोबांची विजार फाडली, तेव्हा तो 'खेळत' होता. पट्ट्याला बांधलेल्या एका छोट्या कुत्रीच्या पाठीचा लचका तोडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिनेच त्याला डिवचलं असणार." ती बिचारी आपल्या मालकिणीच्या पायात शिरू पाहत होती. त्या बाई रडत रडत तिला उचलून घेऊन गेल्या आणि पुन्हा या रस्त्याने आल्या नाहीत. हळूहळू सकाळी आमचा रस्ता ओस पडू लागला. डॉक्टरांना वाटायचं, किती छान शांतता आहे.

डॉक्टर वाईट नव्हते. सोन्याला बरं नसलं की त्याच्या उशाशी बसून राहत. त्याचे लाड करण्यात त्यांनी कसूर केली नाही. पण 'थांब', 'सोड', 'इकडे ये' हे शब्द त्याला कधी शिकवले नाहीत. दिवसभर लोकांना 'तोंड उघडा, तोंड मिटा' सांगणाऱ्या माणसाला आपल्या कुत्र्याला मात्र काही सांगावंसं वाटलं नाही.

आता मावशींबद्दल सांगते. रस्त्याच्या टोकाला एका खोलीत त्या शिवणकाम करायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. कात्री चालवावी ती मावशींनीच. कापडावर खडूची एक रेघ ओढायच्या आणि मग कात्री अशी सरळ न्यायच्या की बघणाऱ्याने बघत राहावं. हे मी लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. मला दिसायच्या त्या फक्त येता-जाता, हातावर शिवलेले कपडे घेऊन.

त्या सकाळी त्या एक निळा कोट पोचवायला निघाल्या होत्या. कोट हँगरला लावून हातात उंच धरला होता, जमिनीला लागू नये म्हणून. डॉक्टर फाटकातून निघाले, सवयीने पट्टा सोडवला, गळ्यात टाकला आणि फोनवर बोलू लागले. वाऱ्याने कोट फडफडला. सोन्याचे कान ताठ झाले.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण पाटीला फक्त अक्षरं असतात आणि माझी अक्षरं मावशींपर्यंत पोचत नव्हती. त्या फाटकापासून दूर, पुढच्या दिव्याच्या खांबापाशी होत्या. सोन्याने आधी कोट धरला, मग हात. उजवा हात.

"सोन्या, सोड! सोन्या, नाही!" डॉक्टर किंचाळत धावले. सोन्याने त्या शब्दांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला ते कुणी शिकवलेच नव्हते. शेवटी डॉक्टरांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, बादलीभर पाणी घेऊन धावत आल्या आणि त्याच्या तोंडावर फेकलं. तेव्हा कुठे त्याने जबडा उघडला. मावशी खांबाला टेकून खाली बसल्या. निळा कोट त्यांनी तरीही सोडला नव्हता.

त्यांच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला टाके पडले. ज्यांनी कात्री धरायची, तीच ही बोटं.

शेजाऱ्यांनी तक्रार केली. चौकशीसाठी नगरपालिकेचे निरीक्षक येणार असं कळलं. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर पेचकस घेऊन माझ्यापाशी आले. मला वाटलं, गंजलेला कोपरा रंगवणार असतील. त्यांनी मला काढलं, उचललं आणि त्या दिव्याच्या खांबावर तारेने करकचून बांधलं. तिथेच, जिथे मावशी बसल्या होत्या.

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले, रस्ता माणसांनी भरला आणि डॉक्टर म्हणाले, "बघा साहेब, घडलं तिथेच पाटी आहे. एवढी मोठी. यांनी वाचली नाही, त्याला मी काय करणार?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या पत्र्याला घाम फुटला. मी आयुष्यभर लोकांना वाचवण्यासाठी उभी राहिले आणि हा माणूस माझ्या आडून एका जखमी बाईवर खापर फोडत होता! मावशी समोरच उभ्या होत्या. हाताला जाड पांढरं बँडेज होतं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटी साक्ष देणार नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं.

ओरडावं लागलंच नाही. निरीक्षकांनी चष्मा लावला आणि मला वाचायला सुरुवात केली. माझ्यावरचं सगळं वाचणारा तो बहुधा पहिलाच मोठा माणूस होता. "कुत्र्यापासून सावध," ते मोठ्याने म्हणाले. मग आणखी जवळ आले. "फाटक उघडण्यापूर्वी बेल वाजवा."

त्यांनी खांबाच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. मग डॉक्टरांना विचारलं, "या खांबाचं फाटक कुठे आहे?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि बेल? बेल पण दाखवा की!" आजोबा म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. माझी खालची ओळ त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा वाचली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ते... रंगाऱ्याने आपलं काहीतरी..." असं ते पुटपुटले.

"पाटी आमच्या फाटकावरची आहे, साहेब," वहिनी म्हणाल्या. "काल दुपारी यांनी काढून इथे लावली. मी पाहिलं आणि गप्प बसले. आता नाही बसणार."

"अगं, निदान चारचौघांत तरी..."

"चारचौघांतच चावलाय तो. बोलायचं पण चारचौघांतच."

मग लोकांना कंठ फुटला. न्या त्या कुत्र्याला, आत्ताच्या आत्ता न्या, असा गलका झाला. फाटकाच्या आत सोन्या आपलं नाव ऐकून शेपूट हलवत होता. निरीक्षकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मावशींना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"साहेब, कुत्र्याला नेलंत तर हे उद्या दुसरा आणतील," मावशी म्हणाल्या. "त्याच्यासाठी पण नवीन पाटी लावतील. माझा हात गेला तो गेला. मला माझा रस्ता परत पाहिजे. सकाळी कोट घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत मला जाता आलं पाहिजे. ते कसं करायचं, ते यांना सांगा."

निरीक्षकांनी ते खडसावून सांगितलं. दंड भरायचा. मावशींच्या उपचारांचा खर्च द्यायचा. घराबाहेर सोन्याला पट्टा आणि तोंडाला जाळी. शिकवणाऱ्याकडे नेऊन दोघांनी शिकायचं, कुत्र्याने आणि मालकाने. पुन्हा एकदा असं घडलं तर मात्र सोन्याला घेऊन जाणार. डॉक्टर जमिनीकडे पाहून हो म्हणाले.

मला वहिनींनी स्वतः खांबावरून सोडवलं आणि फाटकावर परत बसवलं. पण आतल्या बाजूने, तोंड घराकडे करून. बाहेर बेलशेजारी आता एक छोटी नवी पाटी आहे. मी मात्र बाहेर पडणाऱ्यासमोर उभी असते. डॉक्टर कडीला हात घालतात तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांसमोर येते. सुरुवातीला ते मला पाहून मान वळवायचे. मी बरी मान वळवू देईन!

मावशींचा अंगठा बरा झाला, बोट नीट वाकत नाही. जाड कापड आता त्यांची भाची कापते. मावशी बाजूला बसून रेघ दाखवतात. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते वाईट वाटणं कुठल्याही दंडाने भरून येणार नाही.

फाटक बाहेर उघडून भिंतीला टेकलं, की माझं तोंड रस्त्याकडे होतं. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. मावशी कितीतरी दिवस लांबच्या वळणाने जात होत्या. मग एका सकाळी त्या पुन्हा आमच्या रस्त्याने आल्या. हातात हँगर होता, पाय थांबत नव्हते. डॉक्टर सोन्याला घेऊन नुकतेच बाहेर पडले होते.

"घाबरू नका, काही..." सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. वाक्य तिथेच अडकलं. त्यांनी पट्टा मुठीला गुंडाळून आखूड केला, सोन्याला "बस" म्हटलं आणि स्वतः त्याच्या आणि मावशींच्या मध्ये उभे राहिले. सोन्या बसला. मावशी सावकाश पुढे गेल्या.

त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले नाहीत. का मानावेत? रस्ता त्यांचाच होता.

मित्रांनो, घरात कुत्रा असेल तर त्याला जीव लावा, त्याला शिकवा आणि पट्टा हातात धरा. आणि उद्या कुणी कुत्रा मोकळा सोडून तुम्हाला 'काही करत नाही तो' असं सांगितलं, तर भिंतीला चिकटू नका. रस्त्यात उभे राहून त्यांना विचारा, "तो करत नाही हो, पण तुम्ही काय करता?"