बुधाच्या वावरातली सरकारी पाटी

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी पाटी आहे. बोईसरच्या एका रंगाऱ्याने माझ्यावर लिहिलं, 'ही जागा सरकारची आहे', आणि सरकारी माणसांनी मला पालघरच्या पूर्वेकडल्या डोंगरउतारावर, बुधाच्या वावराच्या कडेला रोवलं. तिथे त्याचा बाप आणि आजा नागली पिकवत आले होते. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

बुधाला वाचता येत नव्हतं. त्याच्या आदिवासी लोकांत शिवेवर राखणदार देव वाघोबा असतो आणि त्याला दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालत नाहीत. सरकारनेही शिवेवर राखणदार बसवला, असं समजून त्याने मला शेंदूर लावला. दरवर्षी नागलीचं पहिलं कणीस माझ्यापुढे ठेवलं. वादळात मी आडवी झाले, तेव्हा दगड लावून त्यानेच मला उभं केलं. खरं सांगते, मी फुशारून गेले.

त्याच पाड्यातली पुष्पलता बोईसरला कारखान्यात काम करते, लाल बावट्याच्या युनियनमध्ये आहे. जमीन बुधाच्या नावावर व्हावी म्हणून दाव्याचा अर्ज भरायला ती आली आणि मला वाचून तिने कपाळावर हात मारला.

"बुधाकाका, तुमची जमीन सरकारची हाय असं लिवलंय!"

"लिवू दे. सरकार मायबाप हाय."

"मायबाप नाय. ज्याच्या हातात जमिनी, कारखाने, त्याच्या कामाचं असतं सरकार. हक्क मात्र सगळ्यांच्या नावानं सांगतं."

बुधा हसला. मला ती भांडखोर वाटली.

पुढे पाहणीला साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सरकारची जागा हे तुम्हालाच मान्य आहे. पाटीची पूजा करता की!" तेच कागदावर गेलं आणि दावा फेटाळला गेला. तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

दोन वर्षांनी ती जमीन गोदामासाठी एका कंपनीला मिळाली. मला उपटून कुंपणाबाहेर टाकलं. माझ्या जागी 'खासगी मालमत्ता' अशी नवी पाटी आली.

बुधा कुंपणाशी येऊन पुष्पलताला म्हणाला, "सरकारची जागा म्हनून मला उठवलं. मंग सरकारला कुनी उठवलं?"

"कुनी नाय, काका. त्यानं आपल्या हातानं दिली."

बुधा आणि त्याची बायको आता वीटभट्टीवर जातात. मित्रांनो, मला गंजू द्या. पण माझ्यासारखी पाटी दिसली, तर तिथे आधी कोण पेरत होतं ते माणसांना विचारा. मला ते ठाऊक होतं, पण माझ्यावर ते लिहिलेलं नव्हतं.