गाठ फोडून बघा

मी वालाची वेल बोलतेय. मी जातीची कडवी, तेव्हा गोड ऐकायची आशा सोडा.

मुरबाडकडच्या एका खाचरात भात कापून झालं की हौसा मला उरल्या ओलीवर टोचायची. पाणी नाही, खत नाही. दवावर वाढायचे मी.

माझं खरं काम मातीखाली. झाडाला हिरवं व्हायला, दाणा भरायला नत्र लागतं. ते हवेत भरून आहे, पण भाताला हवेतून घेता येत नाही. भरल्या ताटापुढं हात बांधून बसल्यासारखी त्याची गत. माझ्या मुळांना बारीक गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात. मी त्यांना साखर देते, ते हवेतलं नत्र मला पचेल असं करून देतात. त्यातलं पुष्कळसं माझ्या दाण्यात जातं. मागं राहिलेली मुळं कुजली की उरलेलं पुढल्या भाताला.

हौसाला नत्र हा शब्द ठाऊक नव्हता. वालामागचं भात चांगलं येतं, एवढं ती वैशाखऱ्याहून, माहेराहून शिकून आली होती. म्हणून ती मला उपटायची नाही, विळ्यानं कापायची.

तिचा लेक भगीरथ वाशिंदच्या कारखान्यात माल तपासायला होता. गाठ दिसली की तो नग बाद, हे त्याचं काम. नव्व्याण्णव साली सुट्टीला आला तेव्हा मी फुलात होते. त्यानं एक वेल उपटून बघितली.

"आये, रोग लागलाय. मुळाला गाठीच गाठी."

"रोग नाय रे. तिच्या त्या असतातच. फोडून बघ, आत लाल हाय."

"लाल म्हंजे सडलंय. चौथी शिकलीस, तुला काय कळतं?"

"चौथी शिकले, पन तू गिळतोस तो भात मीच पिकवते."

ऐकेल तर शपथ. दुपारपर्यंत त्यानं सगळं खाचर उपटलं. फुलं, कोवळ्या शेंगा, मुळं, सारं कचऱ्यासारखं राबावर, म्हणजे भाताची रोपं करायच्या भाजलेल्या वाफ्यावर, टाकून जाळलं. ज्या वालाच्या बिरड्यावर हा वाढला, ते कचरा? त्या उन्हाळ्यात हौसाच्या चुलीवर वाल शिजले नाहीत.

पुढल्या पावसाळ्यात भात पिवळं पडलं. भगीरथनं शहापूरहून युरियाची गोण आणली. तेही नत्रच, मी नावं ठेवत नाही. पण अंदाज नको? एकदा टाकलं, हिरवं झालं. खुशीत आणखी दोनदा टाकलं. भात पाल्यानं माजलं आणि दाणा भरायच्या वेळी वाऱ्यानं आडवं झालं. झोडलं तर निम्मं पोचट. शेजारची सकुबाई बांधावरून म्हणाली, "हौसे, गवत बरं आलंय गो."

हौसा तशीच घरात गेली, मडक्यात राखेत ठेवलेलं जुनं दोन मुठी बी काढलं आणि खाचरात टोचलं. मी फुलावर आले तशी तिनं माझं एकच मूळ खणून काढलं, भगीरथच्या तळहातावर नखानं गाठ फोडली. हात गुलाबी झाला. गाठ आतून लाल, म्हणजे जिवाणूंचं काम जोरात.

"हा रोग का रे?"

त्यानं हात पुसला नाही.

मी वाळले तेव्हा तो विळा घेऊन आला, पण सवयीनं उपटायलाच वाकला. हौसानं मनगट धरलं. "वरचं तुझं. खालचं जमिनीचं."

त्यानं मला कापलं.

आता मी मातीत कुजतेय, काम चालू आहे. राग अजून गेलेला नाही. तुमच्या शेतात मी असेन, तर वरून हवं ते न्या. उपटायला हात गेलाच, तर आधी एक गाठ फोडून बघा.